बरोबरच्या एकोणीस खुणा

३ ऑक्टोबर, मंगळवार

कामाच्या वहीत काय लिहायचं हे ठरलेलं असतं. कोणती चाचणी, किती वाजता, निकाल काय. ती वही गटातलं कुणीही उघडू शकतं, म्हणून तिच्यात रडगाणं नको, असा नियम मीच केलाय. आज पहिल्यांदा वाटलं की मला दुसरी वही लागणार. ही आईच्या कपाटात सापडली. पहिल्या दोन पानांवर तिच्या गोळ्यांच्या वेळा आहेत, पुढे कोरी.

झालंय ते असं. शिरेतून औषध थेंब थेंब सोडणारा पंप बनवणारी एक कंपनी आमचा कंपायलर वापरते. म्हणजे त्यांची माणसं प्रोग्रॅम लिहितात आणि आमचा कंपायलर त्याचं यंत्राला कळेल असं रूप करतो, वर ते रूप चपळही करतो. एका हॉस्पिटलात चालू पंपाचा वेग सहा तासांनी आपोआप बदलला. नर्सचं लक्ष होतं म्हणून पेशंट वाचला. पंपवाल्यांनी तपासून पाहिलं. आमचं चपळ करण्याचं काम बंद ठेवलं तर पंप शहाण्यासारखा चालतो, चालू केलं की बिघडतो. त्यामुळे बोट आमच्याकडे. त्यातही माझ्याकडे, कारण संशय ज्या टप्प्यावर आहे तो मी लिहिलाय, अकरा वर्षांपूर्वी, एकटीनं.

आणि पंपाच्या त्या भागाचा प्रोग्रॅम लिहिलाय माझ्या भावानं. चव्वेचाळीस वर्षांचा झाला तरी घरात त्याला धाकटाच म्हणतात.

विभागप्रमुखांनी विचारलं, "तुमचे बंधू आहेत ना तिकडे? दुसरं कुणी बघेल का हे?"

म्हटलं, "दुसरं कुणी असतं तर मी अकरा वर्षांत एकदा तरी लांब सुट्टीवर गेले नसते का?"

ते हसले. मला काही हसू आलं नाही. भावाला पाठीशी घातलं असं कुणी म्हणायला नको आणि माझ्या टप्प्यात खोट आहे असंही कुणी म्हणायला नको. दोन्ही एकदम कसं जमायचं ते मला माहीत नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आई शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी समोरच्याला कळलंय की नाही हे तपासल्याशिवाय सोडत नाही. चहाच्या वेळी म्हणाली, "तुझं नक्की बिघडलंय काय? मला समजेल असं सांग."

म्हटलं, "प्रोग्रॅम म्हणजे शाळा समज. प्रत्येक कामाला, आमच्या भाषेत फंक्शनला, एक खोली, एक फळा. काम संपलं की फळा पुसून पुढच्याला. ज्याला आपलं लिहिलेलं नंतरही लागणार आहे, त्यानं ते खाली तळघरातल्या कपाटात वहीत ठेवायचं. पण तळघरात जायला-यायला वेळ लागतो, आणि प्रोग्रॅम लिहिणारे एकजात भित्रे, सगळंच कपाटात ठेवतात. माझा टप्पा काय करतो, तर या लिहिलेल्याचा पत्ता खोलीबाहेर कुणी घेऊन जातंय का ते आधीच शोधतो. कुणीच नेत नसेल तर कपाट कशाला? फळ्यावरच लिहा. यंत्र चपळ होतं ते यामुळे."

"आणि कुणी पत्ता नेला, पण तुला कळलंच नाही तर?"

"तर तो नंतर कधीतरी त्या खोलीत शिरेल आणि दुसऱ्याच्याच गणितात काहीतरी खरडून जाईल."

"मग पंपाचा वेग बदलेल."

"बदलेल. पण तसं होत नाही, आई. मी तीनदा तपासलंय."

ती गप्प बसली. वर्गात चुकीचं उत्तर आलं की अशीच बसायची म्हणे.

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. "ताई, आमच्याकडून चूक असेल तर सरळ सांग. मी मनाला लावून घेणार नाही."

ते मात्र खरं. हा कधीच काही मनाला लावून घेत नाही. मी अकरा वर्षांची आणि हा सातचा असताना आईचं गजराचं घड्याळ माझ्या हातून पडलं. मी सांगितलं, यानं पाडलं. त्याला पट्टीनं मार बसला. एक शब्द बोलला नाही, आणि संध्याकाळी माझ्याकडेच रंगीत खडू मागायला हजर. असा स्वभाव असावा. मी तर कालच्या मीटिंगमधलं वाक्य आज दुपारपर्यंत चघळत होते.

९ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं.

धाकट्याच्या प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी मेमरीत जागा घेतलीय आणि तिच्यात काही भरायच्या आधीच वाचलीय. भाषेच्या नियमात हे चक्क बसत नाही. आणि नियम मोडला की पुढे काय होईल त्याची जबाबदारी कंपायलरवर नाही, हे आमच्या पुस्तिकेत पहिल्याच प्रकरणात लिहिलंय. चार रात्रींनंतर जीव भांड्यात पडला.

चाचणीवाले काका माझ्या टेबलाशी आले. पुढच्या वर्षी निवृत्त होतील, हळू बोलतात, त्यामुळे त्यांचं ऐकायला माणसाला थांबावं लागतं. म्हणाले, "ती ओळ पंप सुरू होताना एकदाच चालते. बिघाड सहा तासांनी येतोय."

"काका, मेमरी एकदा बिघडली की तिचा परिणाम कधीही दिसतो. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"परिणाम कधीही दिसतो हे खरं. पण ती ओळ दुरुस्त करून पंप सहा तास चालवून बघू या की. एक दिवस जाईल."

एक दिवस नव्हता. पंपवाल्यांना आज उत्तर द्यायचं होतं. काकांना तसं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. ते "बरं" म्हणून गेले.

१० ऑक्टोबर, मंगळवार

पत्र गेलं. 'दोष ग्राहकाच्या प्रोग्रॅममध्ये आहे.' खाली माझी सही. भाऊ असूनही कचरले नाही, असं विभागप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं का लिहू.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

धाकट्याला आज मीटिंगमध्ये बसवून विचारलं आणि नंतर घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही. हे भावजयीनं कळवलं, त्यानं नाही.

"तो काय म्हणाला मीटिंगमध्ये?" मी विचारलं.

"काही नाही म्हणाले. चूक माझी, एवढंच म्हणाले." मग म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांच्याशी एकदा नीट बोलाल का?"

म्हटलं, "अगं, तो दोन दिवसांत विसरेल. त्याचा स्वभाव तुला माहीत नाही का?"

तिनं फोन ठेवला.

१५ ऑक्टोबर, रविवार

धाकटा आला होता. हातात गुंडाळलेल्या कागदांची जाड सुरळी. आईच्या बेसिनचा नळ महिनाभर गळतोय, तो आधी उघडून बसला. आई म्हणाली, "लहानपणी माझं घड्याळ फोडलंस, आता नळ तरी धड कर." आम्ही तिघंही हसलो. हसताना त्यानं माझ्याकडे पाहिलं.

नळ झाल्यावर माझ्या खोलीत आला. म्हणाला, "ताई, एक विचारू? आपण एखाद्या फंक्शनच्या हातात पत्ता दिला, तर ते तो ठेवून घेत नाही हे तुमचा कंपायलर कसं ठरवतो?"

"ते फंक्शन आतून वाचतो."

"आणि आतून वाचता येत नसेल तर? बाहेरचं, आयतं आलेलं असेल तर?"

"त्यासाठी यादी आहे. कोण ठेवतो, कोण ठेवत नाही. हातानं केलेली."

"कुणी केलेली?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण, ताई?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. पत्र गेलंय, याची चूक ओळ क्रमांकासकट दाखवलीय, आणि हा अजून माझ्याच घरात शिरून माझी उलटतपासणी घेतोय. म्हटलं, "तू आता यातून बाहेर पड. जे झालं ते झालं. नवीन कामासाठी मी दोन-तीन जणांशी बोलते."

त्यानं कागदांची सुरळी आणखी घट्ट गुंडाळली. म्हणाला, "पंपांची काळजी करू नको. निघायच्या आधी मी आमच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून दिलाय. आता त्या फंक्शनला आम्ही आमची एक वेगळी नक्कल देतो, ती कधीच पुसली जात नाही. बिघाड गेला. तीस तास चालवून बघितलं."

"बघ. म्हणजे चूक तुमच्याकडेच होती ना?"

"तसं म्हण," तो म्हणाला.

जाताना दारात बराच वेळ चपला घालत होता. मला वाटलं नोकरीचं बोलायला संकोचतोय.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आणखी एक तक्रार आली आहे. पंपवाले नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात ती काचेची ऊबदार पेटी बनवणारे. शनिवारी, एकवीस तारखेला, एका पेटीचं तापमान आपोआप चढलं. चपळ करण्याचं काम बंद केलं तर पेटी ठीक चालते. चालू केलं की काही तासांनी बिघडते.

त्यांच्याकडे माझा धाकटा भाऊ काम करत नाही.

आत एक बाळ होतं. नऊशे ग्रॅमचं. त्याला मोठ्या हॉस्पिटलात हलवलंय. पुढचं मी विचारलं नाही, आणि फोनवरच्या बाईंनीही आपणहून सांगितलं नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

लिहून टाकते, नाहीतर उद्या मीच मला काहीतरी पटवून देईन.

पंप आणि पेटी दोन्हीकडे एक आयतं फंक्शन आहे, 'नोंदव'. त्याला एखाद्या नोंदीचा पत्ता द्यायचा, ते ती नोंद साठवणीत लिहितं. आमच्या यादीत त्याच्यापुढे लिहिलंय, 'पत्ता ठेवत नाही'. मी लिहिलंय. तेव्हा ते खरं होतं, मी ते फंक्शन ओळ न् ओळ वाचलं होतं. पत्ता घ्यायचा, लगेच लिहायचं, विसरायचं.

सात वर्षांपूर्वी ते बनवणाऱ्यांनी ते बदललं. आता ते पत्ता बाजूला रांगेत ठेवतं, सवड मिळाली की नोंद लिहितं, आणि लिहून झालं म्हणून त्या पत्त्यावर परत जाऊन एक क्रमांक टाकतं. साठवण रिकामी असेल तर हे सगळं लगेच उरकतं, काही बिघडत नाही. काही तासांनी साठवण भरत आली की उशीर होतो. तोवर आम्ही फळा पुसलेला असतो. तिथे आता दुसऱ्या कुणाचं तरी गणित असतं, औषधाचा वेग नाहीतर बाळाच्या पेटीचं तापमान, आणि हे महाशय येऊन त्याच्यावर आपला क्रमांक टाकून जातात.

आईनं हे एका वाक्यात विचारलं होतं.

बदलाचं पत्रक त्यांनी पाठवलं होतं. मला आलं होतं. त्याच्यावर माझं उत्तर आहे, 'पाहिलं'.

याहून वाईट आहे ते यादीत. आमच्यात पद्धत आहे की प्रत्येक नव्या आवृत्तीआधी, ज्यानं ओळ लिहिली त्यानंच ती पुन्हा तपासायची आणि पुढे बरोबरची खूण करायची. दुसऱ्या कुणी करायची नाही. ही पद्धत मीच आणली, आणि कुणी खूण विसरलं तर मी सगळ्यांदेखत बोलते. 'नोंदव'पुढे त्या बदलानंतर केलेल्या माझ्या एकोणीस खुणा आहेत. एकोणीस वेळा मी ते फंक्शन न उघडता खूण केली, कारण ओळ माझी होती.

बाथरूमचं दार लावून रडले. नंतर काकांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी "अरेरे" म्हटलं आणि खुर्ची पुढे केली. त्यांनी मला काही सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

विभागप्रमुखांना सांगितलं. ते पांढरेफटक पडले, मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला, आणि तो रंग मला आवडला नाही.

"सहा आठवड्यांनी नवीन आवृत्ती जातेच आहे. त्यात दुरुस्ती घाला. पेटीवाल्यांना सध्या ते बंद ठेवायला सांगा. पत्रबित्र आत्ता नको. वकिलांशी बोलू द्या मला."

"ते फंक्शन सदतीस ग्राहक वापरतात. कुणाच्या यंत्रात काय आहे ते आपल्याला माहीतही नाही."

"आणि पंपवाल्यांना आपण दिलेलं पत्र? तेही मागे घ्यायचं? तुमच्या सहीचं आहे ते."

मी खाली मान घालून बाहेर आले. पत्र लिहून ठेवलंय. पाठवलं नाही.

३० ऑक्टोबर, सोमवार

पाठवलं नाही.

रोज ठरवते, रोज काहीतरी निमित्त निघतं. आज काय, तर एक शब्द खटकला. धाकट्याचे काय हाल असतील हा विचार करते आणि पुढच्याच क्षणी माझं काय होईल याचा करते. कुठला विचार जास्त वेळ टिकतो ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही. त्याला कळलं की तो माझं तोंड बघणार नाही. दोन आठवड्यांत मी त्याला एक फोन केलेला नाही.

आई म्हणाली, "जेवत का नाहीस?" म्हटलं, पोट बिघडलंय. तिनं माझ्याकडे जुन्या नजरेनं पाहिलं.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सव्वानऊला पाठवलं. सदतीस ग्राहकांना, पंपवाल्यांना वेगळं. फंक्शनचं नाव, यादीतली ओळ, माझं नाव, एकोणीस खुणा, आणि आज संध्याकाळच्या आत चपळ करण्याचं काम बंद ठेवून प्रोग्रॅम पुन्हा बनवा, ही विनंती. पंपवाल्यांच्या पत्रात, 'आपल्या प्रोग्रॅमरची चूक नव्हती. ती माझी होती.'

साडेदहाला बोलावणं आलं. अकराला माझं ओळखपत्र काढून घेतलं. काकांनी माझा कप आणि स्वेटर खालपर्यंत आणून दिला.

धाकट्याला फोन करायचं धाडस झालं नाही. उद्या जाईन.

१ नोव्हेंबर, बुधवार

त्याच्याच घरी, जेवणाच्या टेबलावर बसून लिहितेय. वही पर्समध्ये होती म्हणून.

भावजयीनं दार उघडलं. धाकटा शेजाऱ्यांचा पंखा खोलून बसला होता. म्हटलं, "पत्र वाचलंस?"

"ऑफिसातल्या एकानं पाठवलं काल."

"चूक माझी होती. तुझी नव्हती."

"हं," तो म्हणाला. त्याला आश्चर्य वाटलं नाही. मी शिव्यांची तयारी करून आले होते, रागाची, दार आपटण्याची. तो पंख्याचा स्क्रू शोधत राहिला.

भावजय स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आता तरी दाखवा त्यांना. नाहीतर मी दाखवते."

तो उठला आणि खणातून तीच सुरळी काढली. पंधरा तारखेला आईच्या घरी आणली होती ती. आमची यादी. कंपायलरबरोबर प्रत्येक ग्राहकाकडे जाते, कुणी उघडत नाही. त्यानं उघडली होती. 'नोंदव'च्या ओळीभोवती पेन्सिलीचा गोल. पुढे माझं नाव, त्याच्याखाली एकही रेघ नाही. प्रत्येक खुणेखाली बारीक टिंब, मोजताना केलेलं. कागदाच्या कोपऱ्यात प्रिंटरची तारीख होती, १२ ऑक्टोबर.

"बाराला तुला माहीत होतं," मी म्हटलं. "तेराला त्यांनी विचारलं तेव्हा का नाही बोललास?"

"पत्रावर तुझी सही होती, ताई. मी काय, कुठेही काम शोधेन. तुझं नाव गेलं की गेलं." मग म्हणाला, "रविवारी आलो होतो. म्हटलं, तुझं तुलाच सापडलं तर बरं."

आणि मी त्याला नोकरीबद्दल सांगितलं होतं. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आमचे पंप मी निस्तरले होते," तो म्हणाला. "मग तुला आत्ता कसं कळलं?"

त्याला ठाऊक नव्हतं. पत्रात मी पेटीचा उल्लेख केला नव्हता, पेटीवाल्यांनी तशी विनंती केली होती. मी सांगितलं. बाळाचं सांगितलं.

"कधी?"

मला खोटं बोलता आलं असतं. माझी जीभ तयारही होती. "एकवीसला," म्हटलं.

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि लहान मुलासारखं बोटांवर मोजलं. भावजय पुढे आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"बारापासून नऊ दिवस मी गप्प होतो," तो म्हणाला. "ताई, घड्याळाच्या वेळी फक्त मला मार बसला होता."

सदतीस वर्षांत त्यानं तो विषय पहिल्यांदा काढला. मला वाटायचं तो विसरला. मी काय काय गृहीत धरून चालले होते त्याच्याबद्दल, आणि किती आरामात.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "अजून एक पत्र काढ. बाराला मला कळलं होतं आणि मी बोललो नाही, हे त्यात घाल."

"मग ते तुला परत घेणार नाहीत. काल मी एवढं सगळं केलं ते तुझ्यासाठी."

"नको घेऊ देत."

मी त्याला बरंच समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मी तो सांगेल तसं लिहिलं. एका ठिकाणी मी 'कदाचित लक्षात आलं असावं' असं लिहिलं, ते त्यानं खोडायला लावलं. खाली आधी त्याचं नाव घातलं, मग माझं. पाठवलं.

मग आईला फोन केला. म्हटलं, "तुझं घड्याळ मी पाडलं होतं. यानं नाही."

 मग म्हणाली, "त्याला मारलं तेव्हा तू कुठे होतीस?"

"शेजारीच उभी होते."

"त्याला फोन दे," ती म्हणाली. ती काय बोलली ते मला कळलं नाही. तो फक्त "हो आई", "नाही गं आई" म्हणत होता आणि डोळे पुसत होता.

पेटीवाल्यांच्या बाईंना मी सकाळी विचारलं होतं, बाळ कसं आहे. डॉक्टरांशी बोलून दुपारी कळवते म्हणाल्या. फोन टेबलावर मधोमध ठेवलाय. पंख्याचे भाग तसेच पसरलेत, ते जोडायला कुणी घेत नाही. आता सव्वाबारा झालेत.